एका फुंकरीचा प्रश्न

28 फेब्रुवारीला सकाळी मी एका शाळेत प्रमुख पाहुणा होतो. विज्ञानाचा आणि माझा संबंध काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. ज्यांना पडायला हवा होता त्यांना पडला नाही. ठरलेले पाहुणे खरे शास्त्रज्ञ होते, त्यांना ऐन वेळी दिल्लीची मीटिंग लागली. मग शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहणारा, सकाळी नऊला हमखास घरी सापडणारा आणि इस्त्रीचा सदरा बाळगून असलेला इसम म्हणून माझी निवड झाली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच असावी.

फाटकावर फ्लेक्स होता, ‘आंतरराष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षण महोत्सव’. यातलं आंतरराष्ट्रीय काय, ते आत गेल्यावर कळलं. मैदानाभोवती सुतळीला वीसेक देशांचे कागदी झेंडे लावले होते. जगातल्या देशांत नेपाळचाच काय तो झेंडा चौकोनी नाही. शाळेने तोही शिस्तीत बसवला होता.

फ्लेक्स मूळचा आदल्या वर्षीचा. संयुक्त राष्ट्रसंघाने 2025 हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं. वर्ष संपलं, फ्लेक्स धडधाकट राहिला. म्हणून पाचावर सहाची पट्टी आली. ती उन्हाने अर्धी सुटली होती आणि अगदी जवळ जाऊन बघेपर्यंत साल नक्की कुठलं ते ठरत नव्हतं. क्वांटमचं याहून सोपं प्रात्यक्षिक माझ्या पाहण्यात नाही.

*

तशी विज्ञानाला दिवसांची ददात नाही. 11 फेब्रुवारी विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा. 28 फेब्रुवारी आपला राष्ट्रीय. 14 मार्च गणिताचा, 16 मे प्रकाशाचा, 10 नोव्हेंबर शांतता आणि विकासासाठीच्या विज्ञानाचा. वर्षं वेगळीच. 2009 खगोलशास्त्राचं, 2011 रसायनशास्त्राचं, 2015 प्रकाशाचं, 2019 आवर्त सारणीचं. तेवढ्यानेही भागेना म्हणून 2024 ते 2033 असं अख्खं दशक शाश्वत विकासाच्या विज्ञानांना बहाल झालं आहे.

श्रावणातसुद्धा इतकी व्रतं नसतात. आणि या व्रतांचं होतं तेच, जे श्रावणातल्या व्रतांचं झालं. कहाणी कुणी ऐकत नाही, उद्यापन मात्र दणक्यात.

*

माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका दिली गेली. ईशस्तवन. स्वागतगीत. दीपप्रज्वलन. प्रतिमापूजन. प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय. पाहुण्यांचा सत्कार. पाहुण्यांचं मनोगत. फीत कापून प्रदर्शनाचं उद्घाटन. अध्यक्षीय समारोप. आभार. अल्पोपाहार. मोजून बारा बाबी. विज्ञान नवव्या क्रमांकावर होतं आणि तेही फितीच्या पलीकडे. प्रश्नोत्तरं कुठेच नव्हती. चुकून राहिली असतील म्हणून मी कागद उलटून पाहिला. मागे अल्पोपाहाराचा तपशील होता.

11 फेब्रुवारी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे विज्ञानात मुलींना स्थान हवं हे सगळ्यांना ताजं आठवत होतं. तसं ते होतंही. रांगोळी मुलींची, स्वागतगीत मुलींचं, औक्षण मुलींचं. पाहुण्यांना गुलाबपुष्प द्यायला मुली, फीत ठेवलेलं ताट धरायला मुली. मुलगे बिचारे प्रयोगांपाशी उभे होते.

समईशेजारी तबक घेऊन एक मुलगी उभी होती. सहावीतली, दोन वेण्या, रिबिनी घट्ट. तबकात मेणबत्ती, काडेपेटी, हळदकुंकू. मी मेणबत्ती उचलली, काडी ओढून ती पेटवली, समईकडे नेली. विझली. पुन्हा पेटवली. विझली. डोक्यावर शाळेचा सगळ्यात मोठा पंखा गरगरत होता, पाहुण्यांना उकडू नये म्हणून. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी खुणेने पंखा बंद करवला. वाती पेटल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाले, मी घामाघूम झालो. बाईंनी मेणबत्तीवर हलकेच फुंकर मारली आणि ती तबकात परत ठेवली. मेणबत्तीच्या टोकातून धुराची एक पांढरी रेघ वर निघाली. ती रेघ त्या सभागृहात फक्त एका जणीने पाहिली.

मी खुर्चीकडे वळलो तशी तबकवाली कुजबुजली, “सर, एक विचारू? आमची आजी फुंकणीने फुंकते तेव्हा चूल पेटते. मग बाईंनी फुंकल्यावर मेणबत्ती का विझली? फुंकर तर सारखीच ना?”

मी क्षणभर थांबलो. मग प्रत्येक प्रमुख पाहुण्याच्या पोटात जे उत्तर तयार असतं ते मी दिलं. “वा! छान प्रश्न! मोठी झालीस की कळेल.”

खरं सांगायचं तर मी साठीला आलो आहे आणि मला ते कळलेलं नव्हतं.

*

प्रास्ताविकात एका गुरुजींनी सर सी. व्ही. रामन यांना जयंतीनिमित्त अभिवादन केलं. 28 फेब्रुवारी ही रामन यांची जयंती नव्हे, आणि पुण्यतिथीही नव्हे. ते जन्मले 7 नोव्हेंबरला. 1928 साली या तारखेला त्यांच्या शोधाचा पुरावा हाती लागला म्हणून 1987 पासून आपण हा दिवस साजरा करतो. पण आपल्याकडे माणसाची जयंती असते, पुण्यतिथी असते. शोधाचीही तिथी असू शकते हे पंचांगात बसत नाही. शोधाच्या तसबिरीला हार घालणार कुठे?

रामन हे सरकारी लेखा खात्यातले अधिकारी. दिवसभर हिशेब तपासायचे आणि कचेरीच्या आधी नि नंतर कलकत्त्याच्या बऊबाजार स्ट्रीटवरच्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत राबायचे. पुढे त्यांनी ती भरपगारी नोकरी सोडून कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. (पालकसभेत हा भाग सांगू नये.) 1921 साली ते बोटीने विलायतेला गेले. भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला की हे निळं येतं कुठून? मोठमोठ्या लोकांनी सांगून ठेवलं होतं की ते आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांनी खिशातला लोलक डोळ्याला लावला, पाण्यावरची चकाकी त्यातून बाद केली, तरी समुद्र निळाच राहिला. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. परतीची बोट मुंबई बंदरात होती तेव्हाच त्यांनी यावरचं टिपण ‘नेचर’ नियतकालिकासाठी लिहून तयार ठेवलं होतं. त्या प्रश्नाचं शेपूट धरून सात वर्षांनी रामन परिणाम सापडला आणि 1930 साली नोबेल.

समुद्र निळा का, हा सहावीतल्या मुलाचा प्रश्न आहे. रामन तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. त्यांना कुणी ‘मोठा झालास की कळेल’ म्हणालं नाही, कारण त्या बोटीवर प्रमुख पाहुणे नव्हते.

*

फीत कापली. प्रदर्शन होतं सभागृहाच्या मागच्या दोन वर्गांत.

सात ज्वालामुखी होते. सातही खाण्याच्या सोड्यावर आणि व्हिनेगरवर चालणारे. माझ्यासाठी ते एका रांगेत उसळवण्यात आले आणि काही काळ ती शाळा जपानात असल्यासारखी वाटली. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे जेसीबी होते तीन. थर्माकोलची स्मार्ट सिटी होती, आणि तिच्या शेजारी ‘थर्माकोल टाळा’ असं सांगणारा तक्ता. दोन प्रतिकृतींवर स्टेशनरीच्या एकाच दुकानाची किंमतपट्टी राहून गेली होती. तंत्रज्ञान बाजारात लवकर पोचावं अशी आपली अपेक्षा असते. इथे ते बाजारातूनच आलं होतं.

प्रत्येक प्रतिकृतीपाशी एक मुलगा पाठ केलेली माहिती एका दमात इंग्रजीत म्हणत होता. मी मध्येच एकाला विचारलं, “व्हिनेगरऐवजी लिंबू पिळलं तर?” तो थांबला, भांबावला आणि पुन्हा ‘गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड जजेस’पासून सुरू झाला. आरतीत मध्ये कुणी टोकलं की पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात करावी लागते, तसं. त्याचा दोष नाही. त्याला उत्तर दिलं होतं, प्रश्न दिला नव्हता.

वर्गाच्या दारात ‘आय लव्ह सायन्स’ असा सेल्फी पॉइंट होता. तिथली रांग सातही ज्वालामुखींना मिळून नव्हती एवढी.

*

घरी आलो. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह टेबलावर ठेवलं आणि तो फुंकरीचा प्रश्न त्यांच्या शेजारी ठेवला. श्रीफळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. प्रश्न काही जिरेना.

शोधता शोधता एका लोहाराच्या मुलापाशी पोचलो. लोहाराचा मुलगा म्हणजे भात्याच्या वाऱ्यात वाढलेला. नाव मायकेल फॅरडे. शाळा जेमतेम, उमेदवारी बुकबाइंडरकडे, बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायची खोड. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिरला आणि विजेचं जग उलथंपालथं केलं. याच संस्थेने 1825 साली मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं सुरू केली. दोनशे वर्षं उलटून गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या थोड्या वर्षांचा खंड सोडला तर ती चालूच आहेत. फॅरडेने स्वतः अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली कशावर होती? विजेवर नाही, चुंबकावर नाही. मेणबत्तीवर. एक मेणबत्ती आणि सहा व्याख्यानं. 1861 साली त्याचं पुस्तक झालं.

आणि आंतरराष्ट्रीय म्हणाल तर त्याने मुलांपुढे पार जपानहून आलेलं मेणसुद्धा मांडलं होतं. झेंडे न लावता.

तबकवालीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. मेणबत्तीत जळतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. फुंकर मारली की वाफ उडून जाते, वातीपाशी गारवा येतो, पेटायला काही उरत नाही. चुलीतल्या निखाऱ्याचं तसं नाही. तिथे कोळसा स्वतःच घट्ट आणि तापलेला असतो, तो फुंकरीने उडत नाही. फुंकर त्याच्यावरची राख झटकते, ताजी हवा पुरवते, निखारा लाल होतो आणि त्याच्या धगीने लाकडाचा धूर भडकतो. फुंकर सारखीच. ज्योतीचं बळ उडून जाणाऱ्या वाफेत, निखाऱ्याचं त्याच्या अंगात. राजकारणातही असे दोन प्रकार असतात, पण आजचा विषय विज्ञानाचा आहे.

आणि ती पांढरी रेघ? ती नुसता धूर नव्हे. ती न जळलेली मेणाची वाफ, थंडावत चाललेली. मेणबत्ती विझवल्या विझवल्या त्या रेघेला वरून जळती काडी लावली तर ज्योत रेघेवरून सरसर खाली उतरते आणि वात न शिवता पुन्हा पेटते. फॅरडे हे भरसभेत करून दाखवायचा.

म्हणजे त्या दिवशी आमच्या महोत्सवात शंभर टक्के विज्ञान असलेली एकच बाब होती. दीपप्रज्वलन. आम्ही ते उरकलं आणि विज्ञानाकडे वळलो.

*

त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या व्याख्यानांची एक रीत मला फार आवडली. वक्त्याची ओळख करून देत नाहीत. घड्याळाचे ठोके पडले की वक्ता आत येतो आणि पहिल्या वाक्याला विषयात शिरतो. तासाभराने थांबतो. शिवाय त्याने आयत्या वेळी पळ काढू नये म्हणून व्याख्यानाआधी त्याला खोलीत कोंडून ठेवण्याची प्रथा आहे. चार्ल्स व्हीटस्टन नावाचे एक थोर शास्त्रज्ञ असेच ऐन वेळी निसटले होते, अशी आख्यायिका आहे.

आपल्याकडे उलट करावं लागेल. आपला वक्ता पळत नाही, सुटत नाही. कोंडून ठेवायचं तर परिचय करून देणाऱ्याला. माझा परिचय अकरा मिनिटं चालला. त्यात माझ्या दोन पुस्तकांचा उल्लेख झाला, त्यातलं एक माझं नाही.

*

आता कुणी म्हणेल, विलायतेचं कौतुक पुरे, आपल्याकडे काय आहे? आहे ना. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे विज्ञान दिनाला जगप्रसिद्ध जीएमआरटी रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, जगभरचे शास्त्रज्ञ ज्यांच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. आणि विज्ञान दिनाला तिथे पंचक्रोशीतली शाळकरी पोरं, त्यांच्या आया, टोपीवाले आजोबा हजारोंनी येतात. दुर्बिणीला मोबाइलच्या लहरींचा त्रास होतो म्हणून फोन बंद ठेवायला सांगतात. विज्ञानासाठी फोन बंद! उत्साही पाहुण्यांना एवढा त्याग दुसरीकडे कुठे करावा लागत नसेल.

त्या अँटेना भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ती युक्ती. वजन कमी, खर्च कमी, वाऱ्याचा मारा कमी. समोर उभ्या राहिलेल्या कुणाही पोराला प्रश्न सुचतो की जाळीतून वारा जातो, आकाश दिसतं, मग आकाशातल्या लहरी तेवढ्या का अडकतात? कारण त्या रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी. त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे भिंतच. हे उत्तर समजायला मोठं व्हावं लागत नाही. समोर जाळी लागते आणि कुणीतरी ‘विचार’ म्हणणारं लागतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची तर पद्धतच न्यारी. मुलं सहीसाठी वही पुढे करायची. ते म्हणायचे, सही अशी नाही मिळायची. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवेन, त्याखाली सही असेल. सहीची किंमत एक प्रश्न. त्यांनी पुण्याच्या आयुका या संस्थेत आणलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि कचऱ्यातल्या चिजा यांतून खेळणी केली. ती मोडून बघायची असतात. आमच्या प्रदर्शनात प्रत्येक टेबलावर पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’.

*

आंतरराष्ट्रीय म्हणून आणखी एक. 2025 च्या ऑगस्टात मुंबईत खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड झालं. 64 देशांतली तीनशेच्या आसपास मुलं आली. यजमान मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ऑगस्टातल्या मुंबईत आकाशातल्या ताऱ्यांना निमंत्रण असतं, पण ढग त्यांना येऊ देत नाहीत, तो भाग सोडा. आपल्या पोरांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य पटकावलं. बातम्या आल्या, फोटो आले, पदकं मोजून झाली. मी वाचलेल्या बातम्यांत एक गोष्ट नव्हती. या मुलांना विचारलेला एक तरी प्रश्न. क्रिकेटच्या बातमीत धावफलक असतो, कुठल्या चेंडूवर कोण बाद झाला तेही असतं. विज्ञानाच्या बातमीत फक्त गळ्यातलं पदक.

उत्तर कुणी दिलं ते आपण छापतो. प्रश्न काय होता, ते विचारत नाही.

*

तर मी नारळीकरांची नक्कल केली. पोस्टात जाऊन पोस्टकार्ड मागितलं. खिडकीतल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटात पाहिलं. किंमत अजून पन्नास पैसेच होती. सुटे नव्हते म्हणून पाच रुपयांची दहा घेतली. शाळेच्या पत्त्यावर लिहिलं, ‘सहावीतल्या तबकवाल्या मुलीस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, ते मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. आता शोधलं आहे, पण आधी एक करून बघ. आईला शेजारी बसव. मेणबत्ती पेटव, थोड्या वेळाने हलकेच विझव आणि तिच्या धुराला वरून जळती काडी लाव. काय दिसलं ते कळव.’ सोबत एक कोरं कार्ड माझ्या पत्त्याचं, पाकिटात घालून. खाली सही.

आठ दिवस काही आलं नाही. मला वाटलं, मुख्याध्यापिकाबाईंनी ते स्मृतिचिन्हांच्या कपाटात ठेवलं असेल.

नवव्या दिवशी कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी उतरत्या.

‘सर, केलं. पाचदा केलं. चारदा ज्योत उडी मारून खाली आली. एकदा नाही आली कारण भावाने पंखा लावला. आजीने पण पाहिलं. आता आजी विचारते की मेणबत्तीचा धूर जर पेटतो तर चुलीचा धूर डोळ्यांत का जातो, तो चुलीतच का जळून जात नाही? मी तिला म्हटलं, सरांना विचारते.’

चुलीच्या याच धुरावर जगात कित्येक संशोधकांनी डोकं खपवलं आहे. धूर आतल्या आत जाळणाऱ्या चुली करण्यासाठी शोधनिबंध लिहिले गेले आहेत. आजीला ते कुणी सांगितलं नाही आणि त्यांना आजी भेटली नाही. दोघांच्या मधोमध मी उभा, हातात नऊ पोस्टकार्डं.

पुढच्या वर्षीच्या महोत्सवासाठी शाळेला आत्ताच कळवून ठेवतो आहे. प्रमुख पाहुणी तुमच्या वर्गात बसते. येताना आजीलाही घेऊन येईल. दोघींना व्यासपीठावर बसवा.

तबक मी धरतो.